तीन ठोके

भेस्तानमधल्या आपल्या गाड्या दुरुस्तीच्या शेडमध्ये वाल्मिकने ती जीप ढकलत आत घेतली तेव्हा उन्हं कलली होती. ही जुनी जीप त्याचा चुलतभाऊ बन्सीलाल याची. बन्सीलाल तिच्याचखाली चेंगरून गेला, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून गोडादऱ्यात दारापुढे धूळ खात पडलेली जीप आज बन्सीलालची बायको वर्षा टोचन लावून घेऊन आली होती.

"इंजिन चालतं, गिअर पडतो, पन गाडी जागची हलत नाही," ती म्हणाली. "भाऊजी, चालती करा हिला. कोनी विकत घेऊन गेलं की डोळ्यांपुढून तरी जाईल."

वाल्मिकने जॅकने मागची बाजू उचलली, एक्सलखाली लाकडी ठोकळे सारले आणि वर्षाला आत बसवलं. शेजारच्या कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात हाक ऐकू येत नसे, म्हणून भावाभावांची एक रीत होती. खालचा माणूस पान्याने गाडीच्या लोखंडावर ठोके द्यायचा. एक ठोका, गिअर टाक. दोन, थांब. तीन, मी बाहेर निघालो, गाडी उतरव.

बन्सीलाल गेला त्या दिवशी जॅकपाशी वर्षा होती. तीन ठोके ऐकले आणि जॅक सोडला, असं ती सांगे. पण गाडीखालीच असलेला माणूस तीन ठोके देईलच कसा? सगळ्यांनी तिलाच धारेवर धरलं. सासू कलाबाई, वाल्मिकची काकू, अजून तिच्या हातचं पाणी घेत नव्हती. वाल्मिकचाही तिच्यावर विश्वास नव्हता, फक्त तो तोंडाने बोलत नसे.

त्याने खाली सरपटून एक ठोका दिला. लांब शाफ्ट गरगर फिरू लागला, पण मागची चाकं ढिम्म उभी. जोर मागच्या एक्सलच्या मधल्या लोखंडी गोळ्यापर्यंत येत होता आणि तिथंच मरत होता. त्याने दोन ठोके दिले, इंजिन थांबलं. उघडून बघितलं तर आतला दांडा तुटलेला. भंगारातला एक जुना दांडा बसवून त्याने चाकं चढवली, तेल भरलं, ठोकळे काढले.

"आज मला उतरवू द्या," वर्षा जॅकपाशी येऊन म्हणाली. "एकदा तरी माझ्या हातनं नीट उतरू द्या."

त्याला नको वाटलं. पण तिचा चेहरा बघून नाही म्हणवेना. मग त्याला तेलाचं बूच आठवलं. "थांबा, बूच आवळून येतो," म्हणत तो पलीकडून पुन्हा खाली शिरला. ठोकळे परत लावायचं त्याच्या ध्यानातच आलं नाही.

तेवढ्यात लाईट गेली. लूम थांबले. इतकी शांतता झाली की त्याला स्वतःचा श्वास ऐकू येऊ लागला. गोळा छातीच्या वर वीतभर होता, तेलाचा उग्र वास नाकात बसला होता आणि पाना बुचावर होता.

ठक्... ठक्... ठक्...

आवाज पुढून आला, गिअरबॉक्सच्या बाजूने, जिथे त्याचा हात पोचत नव्हता. जॅक कुरकुरला. गोळा बोटभर खाली आला. त्याने दोन्ही हात गोळ्याला लावले.

जॅक थांबला.

"भाऊजी..." वर्षा कुजबुजली. "तुम्हीच वाजवलं ना?"

"नाही... वहिनी, सोडू नका..."

तो कसाबसा बाहेर आला. वर्षाने जॅकचा दांडा घट्ट धरला होता. "ऐकलं ना तुम्ही?"

"ऐकलं," तो म्हणाला. "चुकलो आम्ही. मी स्वतः सांगतो काकूला."

ती तोंडाला पदर लावून रडली. वाल्मिकने वाकून गाडीखाली पाहिलं. कोणी नव्हतं. मग त्याने तिच्या हातातून दांडा घेतला आणि गाडी उतरवायला हळूच वळवला.

ठक्-ठक्.

दोनच ठोके. थांब. क्षीण, घाईघाईने दिलेले. वाल्मिकचा हात जागीच थांबला. त्याने वर्षाकडे बघितलं. ती आता रडत नव्हती.

"हे मी कोनालाच सांगितलं नाही, भाऊजी," ती म्हणाली. "त्या दिवशी जॅक सोडल्यावर... हे दोन ठोकेसुद्धा ऐकू आले होते."