शेवटचे चाळीस फूट

चंद्राच्या दक्षिण ध्रुवावरून कराडच्या विद्यानगरात यायला केतकीच्या चेहऱ्याला सव्वा सेकंद लागायचा. जवळजवळ चार लाख किलोमीटरची वाट तो सुखरूप पार करायचा, कणशांच्या, म्हणजे तिच्या आईवडिलांच्या, गच्चीवरच्या अँटेनात उतरायचा, आणि मग गच्ची ते दिवाणखाना या शेवटच्या चाळीस फुटांत त्याचे हाल हाल व्हायचे. केबल पंधरा पावसाळे खाल्लेली, जोड चिकटपट्टीत गुंडाळलेले. चंद्रावर वस्ती करून राहिलेल्या माणसाला घरातली वायर बदलायला मात्र अजून सवड झाली नव्हती.

तरी तक्रार कुणाची नसे, कारण त्या काळात प्रत्येक टीव्हीत चित्रपूर्ती होती. वाटेत चित्राचे जे तुकडे गळतील, ते टीव्ही स्वतःच्या आठवणीतून भरून काढायचा. आकाश गळालं तर निळं भरायचं, हे सोपं होतं; पण घरातली रोजची माणसंही त्याला तोंडपाठ झालेली असत. गाल गळाला की जुन्या रविवारचा गाल, ओठ गळाले की आवाजाबरहुकूम हलणारे जुने ओठ. आवाजाला तशी जागा फार लागत नाही, तो चिमूटभर सिग्नलमध्येही धड येतो. तेव्हा ऐकू यायचं ते खरं असे, आणि दिसायचं ते किती खरं, हे विचारायचं कुणाला सुचत नसे.

ज्योत्स्नाबाईंना ते सुचलं एका कुडत्यामुळे. चंद्रतळावर भाजीचे मळे सांभाळणारी त्यांची केतकी दर रविवारी अकरा वाजता टीव्हीवर यायची, आणि गेले आठ महिने तिच्या अंगात तोच पिवळा कुडता. शेवटी मागच्या रविवारी त्यांनी विचारलंच, "तिकडं धुणंबिणं होतं की नाही गं? सारखा पिवळाच कसा?"

अडीच सेकंदांनी केतकी हसली. "आई, पिवळा केव्हाच फाटला, त्याची फडकी केली. निळा घातलाय की मी!"

"टीव्हीचा रंग जरा इकडचा तिकडं होतो," सुहासराव घाईघाईने म्हणाले. जन्मभर लग्नाच्या अल्बममधले फोटो सुधारण्यात गेलेला माणूस तो. मिटलेले डोळे उघडायचे, नवरीच्या कपाळावरचा फोड पुसायचा. एका नवरदेवाच्या रुसलेल्या काकांना त्यांनी हसतंसुद्धा केलं होतं. रंगाबद्दल त्यांचा शब्द घरात शेवटचा असायचा. पण या वेळी ज्योत्स्नाबाईंच्या मनात पाल चुकचुकली आणि त्यांनी नवऱ्याला ताकास तूर न लागू देता रुबीना मुजावरला फोन केला.

रुबीना शिकलेली सिग्नल इंजिनियर, दोन मुलांची आई. रविवारी दहाच्या ठोक्याला ती गच्चीवर चढली, आणि अर्ध्या तासात चेहरा गंभीर करून खाली आली.

"काकू, सिग्नल जवळपास नाहीच. शंभरातले नव्वद भाग तुमचा टीव्हीच भरतोय."

"म्हणजे मी बघते ती केतकी नव्हे?"

"आवाज तिचाच. चेहरा थोडा तिचा, बाकी टीव्हीचा." तिने हातातली डबी पुढे केली, बोटभर लांब, गंजलेली. "हा स्प्लिटर. एक केबल दोन खोल्यांत वाटून देतो. वाटलं की जोर निम्मा होतो, तेवढं चालतं. पण यात येणारी वायर आत जायच्या तोंडाला नाही, बाहेर पडायच्या तोंडाला लावलीय. अशी लावली तर पलीकडं जवळजवळ काहीच जात नाही. आणि काकू, हे चुकून होत नाही. त्याच्यावर बाण कोरलेला असतो."

"आज राहू दे," सुहासराव म्हणाले. "उद्या बघू."

ज्योत्स्नाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात एवढ्याशा वाक्यावरून बरंच कळतं.

"अहो, काय केलंत तुम्ही?"

सुहासराव खुर्चीत बसले. जूनमध्ये तळावर ऑक्सिजनच्या टाकीपाशी भडका उडाला होता. केतकीचा डावा गाल, भुवई, कान भाजले. जीव वाचला, आता बरी आहे. तिने ते फोनवर वडिलांनाच सांगितलं होतं. "म्हणाली, 'बाबा, आईला शब्दांनी सांगू नका. रविवारी मीच समोर येते. ती कशी बघते त्यावर माझं मी ठरवीन, इथं राहायचं की तोंड लपवून परत यायचं.' मी घाबरलो, ज्योत्स्ना. तू किंकाळी फोडली असतीस. म्हटलं, एकच रविवार जाऊ दे, तोवर तुला समजावू. म्हणून वर जाऊन वायर उलटी लावली."

"आणि मी?"

"तू कैरीच्या लोणच्यावर बोललीस. नेहमीसारखी हसलीस. तिला वाटलं, आईनं सगळं बघितलं आणि तिला काही फरकच पडला नाही."

तो रविवार ज्योत्स्नाबाईंना लख्ख आठवला. केतकी हुंदके देत म्हणाली होती, 'तुझ्यासारखी आई कुणाला नसेल गं,' आणि त्यांना वाटलं होतं, पोरीला लोणच्याची फारच आठवण येते.

"मग पुढच्या रविवारी सांगायचं होतंत!"

"कसं सांगणार? ती त्या हसण्यावर उभी राहिली. आज तू दचकलीस तर तिला वाटेल, आठ महिने आई नाटक करत होती."

अकराला वीस मिनिटं होती. रुबीना एका हातात गंजका स्प्लिटर, दुसऱ्या हातात नवा घेऊन अवघडून उभी होती. "काकू, कुठला लावू?"

ज्योत्स्नाबाईंनी पदराने तोंड पुसलं. "नवा. केबलही नवी टाक. माझी लेक जशी आहे तशी मला बघायचीय." मग टीव्हीसमोर बसून त्यांनी ओठ आवळले, सैल केले, हसून पाहिलं. ठरवलं की माणसाला काहीही जमतं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

अकरा वाजता पडदा उजळला. डाव्या गालाची कातडी सायीसारखी सुरकुतलेली, भुवई अर्धीच, कानाच्या जागी गुलाबी कड. केस बारीक कापलेले. कुडता निळा.

"आई!"

ज्योत्स्नाबाईंचा चेहरा कोसळला. ओठ थरथरले, दोन्ही हात तोंडावर गेले, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. त्यांचं त्यांनाच कळलं की आपण हरलो. ते रडणं आता चंद्राकडे निघालं होतं आणि त्याला परत बोलावता येत नव्हतं. सुहासरावांनी डोळे मिटून घेतले.

अडीच सेकंद गेले. केतकीच्या चेहऱ्याची धड बाजू हळूहळू हसली.

"हेच, आई, हेच! इथं नवीन आलेलं कुणीही माझ्याकडं बघितलं की आधी मान खाली घालतं. तू एकटीच अशी हसतेस. आज तर जास्तच गोड."

ज्योत्स्नाबाईंनी गोंधळून रुबीनाकडे पाहिलं. रुबीना त्यांच्या कानाशी लागली. "काकू, आपलं आता ठीक आहे. पण तिकडं एक केबल साठ खोल्यांत वाटलेली असते. तिचा टीव्ही तुमचा चेहरा भरतोय. तुमचं जुनं हसू."

म्हणजे इतक्या वर्षांत लेकीनेही आईला पुरतं पाहिलं नव्हतं. आवाज तेवढा खरा जात होता. मग ज्योत्स्नाबाईंनी तेवढाच सांभाळला. "हसू नको तर काय करू? जेवलीस का?" असं त्या म्हणाल्या, आणि डोळे न पुसता, लेकीच्या अगदी समोर बसून, मन भरेपर्यंत रडल्या. तिकडे केतकी त्यांचं हसू बघत मेथीच्या वाफ्यांबद्दल सांगत राहिली. शेजारी बसलेल्या सुहासरावांना पहिल्यांदा आपल्या जन्मभराच्या कामाची भीती वाटली.

तास संपत आला तेव्हा केतकी उत्साहाने म्हणाली, "अगं, सांगायचंच राहिलं. पुढच्या महिन्यात इथल्या सगळ्या केबल, स्प्लिटर बदलणारेत. प्रत्येक खोलीला वेगळी लाइन. मग तू मला अगदी स्पष्ट दिसशील!"

"हो का? बरं झालं गं," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

केतकीने हात हलवला. सुहासरावांनी बटणाकडे हात नेला तसा ज्योत्स्नाबाईंनी तो धरला.

"बंद करू नका. ते शेवटचं चित्र तसंच राहू द्या पडद्यावर."

"कशाला, ज्योत्स्ना?"

"चार रविवार आहेत मधे," त्या म्हणाल्या. खुर्ची पुढे ओढून त्या लेकीच्या चेहऱ्यासमोर बसल्या, डोळे कोरडे केले, आणि हसून पाहिलं. जमलं नाही. त्यांनी पुन्हा डोळे पुसले.