चार वाजताची सावली

त्या वर्षांत सोलर पॅनेलना माणसं ओळखू यायला लागली होती. चेहऱ्यानं नव्हे, सावलीनं.

शिडाच्या होडीवर सावल्यांना तोटा नसतो. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर सावली पडली, तरी नळीत बोळा अडकावा तशी अख्ख्या ओळीची वीज अडते. म्हणून पॅनेल रोजच्या सावल्या पाठ करायचं आणि सावली पडण्याआधीच तेवढा भाग वेगळा काढायचं. या पाठांतराला छायास्मृती म्हणत. चाळीस दिवस न दिसलेली सावली ते विसरून जाई.

देवगडच्या धक्क्याला लागलेल्या हेमलता खवळे यांच्या होडीवर नाझनीन मुकादम नवी पॅनेल बसवत होती. छायास्मृती तिचंच संशोधन, पण स्क्रू आवळायलाही तीच. परवा हेमलताबाई एकट्या लक्षद्वीपला निघणार होत्या. त्यांचं इन्सुलिन ज्या फ्रिजमध्ये, तो याच विजेवर. कामासाठी बॅटरी सोडवलेली होती. फ्रिज थेट जुन्या पॅनेलवर घरघरत होता.

"काकू, ही चारची सावली काकांची ना?"

"ह्यांचीच. चहा घेऊन डोलकाठीला टेकायचे. सावली पडायच्या आधी पॅनेलमध्ये टक् वाजायचं. मला म्हणायचे, बघ, तुझ्यापेक्षा ह्याला माझी कदर!"

"पण काकांना जाऊन अकरा महिने झाले. ती आपोआप पुसली जायला हवी होती."

हेमलताबाई दोर गुंडाळत राहिल्या. "रोज चारला डोलकाठीपाशी जाते. त्यांचा रेनकोट घालते. टोपीपण. उंचीसाठी पाटावर उभी राहते. हसू नकोस गं. तेवढं टक् ऐकायचं असतं."

नाझनीन हसली नाही. "ही सावली नव्या पॅनेलमध्ये घेतली, तर रोज दीड तासाची वीज जाईल. फ्रिज पहाटेपर्यंत टिकणार नाही. एक सावली कमी करावी लागेल."

"मग माझी कर. मी कुठंही बसेन."

"तुमची नाहीच आहे, काकू. कधीच पुसली गेली." नाझनीन घुटमळली. "पॅनेलला विचाराल, तर काका रोज येतात. गेलात त्या तुम्ही."

चार वाजत आले होते. रेनकोटाकडे गेलेला हात हेमलताबाईंनी मागे घेतला. त्या सुकाणूपाशी, आपल्या जुन्या जागी जाऊन बसल्या.

टक्.

पॅनेलनं डोलकाठीपाशी जागा करून दिली. तिथं कुणी नव्हतं. हेमलताबाईंची सावली भलत्याच कोपऱ्यावर पडली आणि खाली फ्रिजची घरघर थांबली.

"पुसू?" नाझनीननं विचारलं.

"नको. निघणं चाळीस दिवस पुढं ढकलते. त्याचं ते विसरू दे."

दुसऱ्या दिवशी चारला टक् वाजलं. त्या बसूनच राहिल्या.