वरच्या डेकवरची खोली

“ही पेटी घेऊ नका.”

कमलिनीने वळून पाहिलं. कॅम्प-१ च्या बाजारात, पत्र्याच्या पेट्यांच्या दुकानात, एका अनोळखी तरुणाने दिलेला हा सल्ला दुकानदारालाही आवडलेला दिसला नाही.

“कावून?”

“बोटीवर न्यायची म्हणून सांगून राहिल्या ना तुमी? बोटीत ही खाटेखाली नाही मावत. मोठं सामान तळात टाकतात. मग तुमचा टूथब्रश तळात अन् तुमी वर. बंदर येईपर्यंत भेट नाही.”

“तुमाले कसं माहीत?”

“माझा गेला होता.”

तिला हसू आलं. ते लपवायला तिने कापडाच्या पिशव्यांकडे मान वळवली, आणि त्यातली निळी त्याने निवडून दिली तेव्हा, पेटीच घ्यायला आलेली कमलिनी पेटी न घेता घरी गेली. सेक्टर दोनपर्यंतचा रस्ता तिला त्या दिवशी फारच लहान वाटला.

दयाराम हे काही प्रेमकथेच्या नायकाचं नाव नव्हे. पण भिलाईत माणसं नावावरून नव्हे, खात्यावरून ओळखली जात, आणि पोलाद कारखान्याच्या रेल मिलमधला ज्युनिअर इंजिनिअर, तुमसरचा, बॅचलर होस्टेलला राहणारा, एवढी ओळख लग्नाच्या मुलींच्या आयांना पुरेशी होती. शिवाय तो आदल्या वर्षी बोटीने अंदमानला जाऊन आला होता. त्या वर्षी मराठी मंडळाची सहल एलटीसीवर, म्हणजे कारखान्याच्या प्रवासखर्चावर, तिथेच निघायची होती, त्यामुळे मंडळाने त्याला लगेच बोटीतला जाणकार ठरवलं. बोटीच्या प्रवासात करण्यासारखी एकही चूक त्याने बाकी ठेवली नव्हती, हीच त्याची पात्रता.

दर रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये तो त्या चुका सांगे. कलकत्त्याला आदल्या दिवशीच पोचायचं. गाडी उशिरा आली तर बोट थांबत नाही. उलटीची गोळी उलटीच्या आधी घ्यायची. लोक माना डोलवत आणि घरी जाऊन मोठी पेटी भरत.

कमलिनी तिसऱ्या रांगेत बसे. पहिल्या रांगेत बसे सत्यशीला, सुपरिंटेंडंट मारोतरावांची मुलगी. तिला शंका फार, त्याही हिंदीत.

“दयारामजी, गोळी खाने के पहले लेनी है या बाद में?”

“आधी.”

“और डेक पर हवा कितनी रहती है? बाल बाँधने पड़ेंगे?”

सत्यशीलेचे केस गुडघ्यापर्यंत नसले तरी प्रश्नात ते तसे वाटत. दयाराम शांतपणे, सविस्तर उत्तर देई. कमलिनीला वाटे, एवढं सविस्तर तर टूथब्रशबद्दलही सांगितलं नव्हतं. दिवाळीपासून तिने त्याच्याशी बोलणं बंद केलं. त्याला ते कळावं म्हणून ती रोज त्याच्या वाटेत येऊन बोलत नसे.

मग खोल्यांचं वाटप झालं. बोटीतल्या खोल्या कशा वाटायच्या, हा प्रश्न जगात कुठेही पडला असता. भिलाईत पडला नाही. क्वार्टर जसं मिळतं तसं — हुद्दा आणि सीनिऑरिटी. वरच्या डेकवरच्या, पुढच्या टोकाच्या, खिडकीवाल्या खोल्या साहेबांना. फळ्यावर खडूने बोट काढून मारोतरावांनी स्वतः नावं घातली. सत्यशीलेचं घर सगळ्यात वर, सगळ्यात पुढे. कमलिनीचे वडील देवाजी हेडक्लार्क. त्यांचं घर खाली, मध्यभागी, बिनखिडकीचं. आणि ते नाव घालताना दयाराम मारोतरावांच्या कानात काहीतरी बोलला, हे तिसऱ्या रांगेतून स्पष्ट दिसलं.

त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी ती सत्यशीलेच्या आईकडे गेली आणि जिन्यांविषयी कळकळीने बोलली. बोटीचे जिने किती उभे असतात, काकूंचे गुडघे किती नाजूक आहेत. सुपरिंटेंडंटचा हुद्दा बायकोच्या गुडघ्यांपुढे कुठवर टिकणार? संध्याकाळपर्यंत अदलाबदल झाली.

आणि दयाराम पहिल्यांदाच तिच्या क्वार्टरच्या फाटकाशी आला. सायकलवरून उतरलासुद्धा नाही.

“तुमी खोली बदलली?”

“बदलली. आता समुद्र मीच पाहीन खिडकीतून. तुमाले वाईट वाटलं असंन.”

“कोणाशी बदलली?”

“जिले तुमी वरची देली, तिच्याशीच.”

तो सायकलवरून उतरला.

“वरची मी नाही देली, ती हुद्द्याने गेली. मी एकच खोली मागून घेतली. खालची, मधातली. तुमच्यासाठी.”

“कावून? आमी खालचे म्हणून?”

“लहान पोरं फळीवर बसून वर-खाली करतात का नाही? तशी चालते बोट. टोकावरचा उडते, मधातला जागीच राहते. मागच्या साली मी टोकावर होतो.”

कमलिनी फाटकाची कडी उघडत होती की लावत होती, हे तिलाही कळत नव्हतं.

“मग हे साऱ्यांले कावून नाही सांगितलं?”

“सांगितलं. मारोतराव म्हणाले, सीनिअर माणूस खाली झोपते का कुठं?”

“अन् मले?”

“तुमी बोलूनच नाही राहिल्या.”

“सत्यशीलेशी बोलाले बरा वेळ होता…”

“ती विचारते. तुमी नुसत्या पाहता.”

“पाहते म्हंजे?”

“म्हंजे… जसं आता पाहून राहिल्या.”

तिने मान खाली घातली. सत्यशीलेकडे जाऊन ती खोली परत मागता आली असती. त्यापेक्षा समुद्रात बुडणं तिला सोपं वाटलं, आणि तिने तेच पत्करलं.

कलकत्त्याहून निघालेली बोट पहिला दिवस हुगळी नदीतूनच गेली. पाणी आरशासारखं. मंडळींनी पुऱ्या खाल्ल्या, वर लोणचं खाल्लं, आणि बोट लागते म्हणणाऱ्यांची थट्टा केली. गोळी सत्यशीलेला सांगितलेली होती, म्हणून कमलिनीने घेतली नाही.

मग नदी संपली.

दुसऱ्या दिवशी वरच्या डेकवर, पुढच्या टोकाच्या खोलीत देवाजी आणि त्यांची बायको भिंतीकडे तोंड करून देवाचं नाव घेत होते. कमलिनी दाराबाहेरच्या बाकावर आडवी होती. आभाळ वर जाई, खाली येई. तिच्या पायथ्याशी दयाराम बसला होता. त्याची जागा तळातल्या बंक क्लासमध्ये, स्वस्तातल्या सामायिक खाटांवर होती. तरी सकाळपासून तो इथेच होता, आणि त्याचा रंग कच्च्या पेरूसारखा झाला होता.

“तुमी खाली जा ना…” ती डोळे मिटून म्हणाली.

“जातो थोड्या वेळानं.”

तो थोडा वेळ दुपारपर्यंत चालला.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. सत्यशीला आली. रात्रभर गाढ झोपलेली, वेणी घातलेली, जेवलेली, हातात सोललेलं संत्रं.

“दयारामजी, नीचे चलिए ना। पत्तों में एक हाथ कम पड़ रहा है।” आणि संत्र्याची एक फोड तिने पुढे केली.

दयारामने फोडीकडे पाहिलं. मग कमलिनीकडे.

रात्रीपासून कमलिनीने वडिलांसाठी मान उचलली नव्हती, आईसाठी उचलली नव्हती, कॅप्टन स्वतः फेरी मारून गेला तेव्हाही नाही. ती आता उठून बसली. बाकाची कड धरली, ती सोडली, आणि दयारामची बाही धरली.

“ते नाही येणार.”

“क्यों?”

“कावून का…” बोट वर गेली. कमलिनीने बोट खाली येण्याची वाट पाहिली. “कावून का ते माह्यासोबत हायेत. आता बी, अन् घरी गेल्यावर बी.”

सत्यशीलेने फोड स्वतःच्या तोंडात टाकली आणि जिना उतरली. दयाराम काहीतरी बोलायला वळला, पण कमलिनीने हात वर करून त्याला थांबवलं आणि घाईने बादली मागितली.

ती त्याने आधीच धरून ठेवली होती.