उलटं फिरलेलं चाक

खोटं वाटेल, पण आमचं जमलं ते तेलामुळे. तेही मशीनच्या तेलामुळे.

आईचं विजेवर चालणारं जुनं शिलाई मशीन पिशवीत घालून मी दुरुस्तीच्या दुकानातून परत निघाले होते. दुकानदाराने पिशवीत नुसतं डोकावून सांगितलं होतं, भंगारात द्या. वजन म्हणाल तर हत्तीचं पिल्लू बरं. भुरभुर पाऊस, रस्त्यावरचे दिवे वेळेआधीच लागलेले, आणि माझ्या डोळ्यांतही थोडा पाऊस होताच. पिशवीतून तेल गळतंय हे मला कळलंच नाही. घराचं दार उघडलं, मागे वळले, तर ओल्या केसांचा एक उंच तरुण उभा... आणि त्याच्या तळहातावर पितळेचा इवलासा स्क्रू.

"हा तुमचा पडला. तेलाचे थेंब बघत बघत आलो."

"पावसात तेलाचे थेंब दिसतात?"

"ओल्या रस्त्यावरच दिसतात. सात रंगांत. तुमच्यामागे रस्ताभर इंद्रधनुष्यं सांडलीत."

आता असं बोलणाऱ्या माणसाला दारातून परत कसं पाठवायचं, तुम्हीच सांगा.

तो निघाला रेडिओ दुरुस्त करणारा. शिलाई मशीनला त्याने जन्मात हात लावला नव्हता, पण मोटार ती मोटार, म्हणाला, तार ती तार. मी सांगितलं, शनिवारच्या आत चालायला हवं. का, तेही सांगून टाकलं. आई गेल्यापासून मी एकटी होते. दादा दुसऱ्या गावी. शनिवारी तो टेम्पो घेऊन येणार होता. आमचं ठरलं होतं की मी त्याच्यासमोर या मशीनवर एक सरळ शिवण घालून दाखवली, तर इथेच राहून कपडे शिवायचे. नाहीतर सामान टेम्पोत आणि मी त्याच्या घरी. दादा काही दुष्ट नव्हता, वहिनीही नव्हती. पण त्यांच्या घरात माझ्यासाठी खाट होती, खिडकी नव्हती.

त्याने स्क्रू टेबलावर ठेवला. "उद्या सहाला येतो," एवढंच म्हणाला.

असा सोमवार ते शुक्रवार, ओळीने पाच संध्याकाळी तो आला. मी माझ्या नेहमीच्या खुर्चीत, तो टेबलाच्या पलीकडे, मध्ये मशीन. काळंभोर अंग, त्यावर सोनेरी वेल. आतल्या तारांवरच्या जुन्या कापडाचा हात लावताच बिस्किटासारखा भुगा व्हायचा. पेडलवर पाय ठेवला की असा शॉक बसायचा, की माझ्या दोन्ही वेण्या छताला टेकायच्या. खिडकीतल्या मांजराच्या मिशा तर त्या दिवसापासून कायमच्या कुरळ्या झाल्या. हसू नका, शेजारणीला विचारा.

तो एकेक तार काढायचा, नवी कापायचा, टोक सोलायचा, आणि मला म्हणायचा, "जरा धरता?" मी धरायची. तो इस्त्रीसारख्या तापलेल्या कांडीने कथील वितळवून जोडाला डाग द्यायचा, धुराची एक पातळ रेघ आमच्या दोघांच्या मधून वर जायची... आणि त्या धुरापलीकडे त्याचे डोळे. दोन तारा धरायला तसे चिमटे त्याच्या पेटीत होते. चार होते. मी पहिल्याच दिवशी पाहिले होते. बोलले नाही.

"भीती नाही वाटत?" त्याने एकदा विचारलं.

"शॉकची?"

"शनिवारची."

मी तारेकडे बघत राहिले. "तार हलेल," म्हटलं. "बोलू नका."

शुक्रवारी त्याने मोटार बसवली, पट्टा चढवला. सुई मी सोमवारीच काढून ठेवली होती, त्याच्या बोटांना टोचू नये म्हणून. त्याने खोलीतला दिवा मालवला, मशीनवरचा छोटा दिवा लावला. मधासारखा उजेड टेबलावर पसरला. मी पेडल दाबलं. मोटार गुणगुणली, चाक फिरलं, आणि तो हसला. मी त्याला हसताना बघत बसले. बराच वेळ. पेडल दाबलेलंच.

शनिवारी दादा आला. टेम्पो दारात, दादा भिंतीला टेकून. रेडिओवालाही आला होता, आपल्या जागी, पलीकडे. मी सुई बसवली, धागा ओवला, कापड ठेवलं, पेडल दाबलं...

खर्रर्र. कापडाखाली धाग्याचा हा एवढा गुंता. चिमणीने घरटं समजून अंडी घातली असती. पुन्हा ओवलं. पुन्हा गुंता. दादा हळूच म्हणाला, "अगं, राहू दे. सामान बांधू या." चिडवून म्हणाला असता तर परवडलं असतं.

आणि तेव्हा, पाच दिवसांत पहिल्यांदाच, मी चाकाकडे पाहिलं. शिवताना चाक शिवणाऱ्याकडे फिरतं. हे माझ्यापासून दूर पळत होतं. त्याच्याकडे.

"अहो," मी म्हटलं, "हे उलटं फिरतंय."

"नाही हो. माझ्याकडेच तर..." तो थांबला. त्याच्या बाजूने सगळं अगदी बरोबर होतं. पाच संध्याकाळी तो माझ्यासमोर बसला होता आणि मशीन त्याने स्वतःच्या बाजूने जोडलं होतं.

कानापर्यंत लाल झाला. दोन तारांची अदलाबदल, दोन मिनिटांचं काम. त्याला दहा लागली. मग मी पेडल दाबलं आणि शिवण निघाली सरळ, बारीक, मुंग्यांच्या रांगेसारखी.

दादाने कापड उजेडात धरून बराच वेळ पाहिलं. मग त्याला विचारलं, "शिवणारा कुठल्या बाजूला बसतो, हे पाच दिवसांत दिसलं नाही तुम्हाला? बघत कुठे होतात?"

त्याने पेटी उघडून चिमटे मोजायला घेतले.

"आणि तू गं? आठ वर्षांची होतीस तेव्हापासून शिवतेस. चाक उलटं फिरताना तू कुठे बघत होतीस?"

मी सुईत धागा पुन्हा ओवायला घेतला. दादाने दोघांकडे पाहिलं, मान हलवली आणि टेम्पोवाल्याला परत पाठवायला बाहेर गेला. जरा जास्तच सावकाश गेला.

मी स्टूल ओढलं. "एकदा या बाजूने बघा. म्हणजे पुढच्या वेळी चूक नको."

तो येऊन माझ्याशेजारी बसला. चाक आमच्या दोघांकडे फिरत होतं. थोड्या वेळाने म्हणाला, "बरोबर दिसतंय इकडून. पण..."

"पण काय?"

"इकडून तुम्ही नीट दिसत नाही."

मी पेडलवरचा पाय काढला. खोली एकदम शांत झाली.

"मग पलीकडेच बसत जा," मी म्हटलं. "रोज."