गायत्री शाळेत आहे

पुरुषोत्तमनगरला गाळप सुरू झालं की सकाळी उठल्याबरोबर दिसते ती काजळी. दोरीवरच्या कपड्यांवर, तुळशीच्या पानांवर, मोटरसायकलच्या सीटवर. मळीचा आंबूस वास घरभर भरलेला असतो आणि उसाचे ट्रॅक्टर रस्ता अडवून उभे असतात. मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत रस तपासतो. जे मोजता येतं त्यावर विश्वास ठेवायची मला सवय आहे.

गेल्या गाळपात आमची गायत्री शाळेत जाईनाशी झाली.

सहावीला आम्ही तिला शहाद्याच्या मोठ्या शाळेत घातलं होतं. पहिल्याच आठवड्यात ती वर्गात अहिराणीत म्हणाली, "माले पानी पेवानं शे," आणि सगळा वर्ग हसला. बाईंनी तिला उभं करून तेच वाक्य शुद्ध मराठीत म्हणायला लावलं. नीट जमेपर्यंत पाणी मिळालं नाही. हे आम्हाला फार उशिरा कळलं. आधी नुसतं पोट दुखायचं. मग गणवेश अंगात चढला की उलटी व्हायची, हात गार पडायचे. शहाद्याच्या डॉक्टरांनी पोटाची सोनोग्राफी केली. नंदुरबारच्या डॉक्टरांनी सांगितलं की पोटात काही नाही, मनात भीती आहे, जबरदस्ती करू नका.

दिवाळीनंतर तिने घर सोडलंच नाही. शाळेची व्हॅन दारात हॉर्न वाजवायची आणि निघून जायची. सुनिताने, म्हणजे माझ्या बायकोने, तिला समजावलं, लालूच दाखवली, प्रकाशा तीर्थाला नेऊन तापीत आंघोळ घातली. एकदा मारलंही, आणि मग तीच दिवसभर जेवली नाही. गायत्री गोधडी ओढून भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. झोपलेली नसायची.

नाव कमी करू नका, अशी विनंती करायला मी शाळेत गेलो. वर्गशिक्षिका रंजना मॅडम मैदानाच्या कडेला उभ्या होत्या. मी सगळं सांगितलं.

"पण गायत्री तर रोज येते," त्या म्हणाल्या. "आणि आता किती छान बोलते. तुम्ही घरी मेहनत घेतलेली दिसते."

त्यांनी मला वर्गाच्या खिडकीपाशी नेलं. गजांतून आत पाहिलं. खिडकीजवळच्या बाकावर गायत्री लिहीत बसली होती. डाव्या हाताने वही धरायची तिची पद्धत, कानामागचा तीळ. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा लिहायला लागली.

मी गाडी कशी चालवली ते आठवत नाही. घरी पोहोचलो तेव्हा गायत्री गोधडीतच होती. सुनिता तिच्या उशाशी बसली होती. ही बाहेर गेली होती का, मी विचारलं. "कुठे जाईल ती," सुनिता म्हणाली, "सकायपासून हालली नही."

मी स्वतःला समजावलं. सारख्या दिसणाऱ्या मुली असतात. नावाचा घोळ होतो. मी मुलीच्या शेजारी बसलो आणि हळूच विचारलं, "बेटा, शाळामा तुन्ही जागावर कोन बठस?"

ती भिंतीकडेच बघत होती.

"मीच," ती म्हणाली. "तिले सम्दं येस. ती माले सांगस, तू नको येऊ."

"तुले कवय भेटनी ती?"

"रोज येस. व्हॅन येस ना, तवय."

त्यानंतरचे दिवस आम्ही कसे काढले ते सांगता येणार नाही. सुनिता हॉर्न वाजला की दार लावून घ्यायची. मीही एकदा फटीतून पाहिलं. व्हॅनचं दार उघडलं, बंद झालं. चढताना कोणी दिसलं नाही. निघताना मात्र मागच्या काचेत एक मुलगी जास्त होती, असं मला वाटलं. खात्री नव्हती.

शेवटी मीच ठरवलं. आपली मुलगी आपण स्वतः त्या बाकावर बसवायची. मग जे कोणी असेल त्याला उठावं लागेल. डॉक्टरांचं सांगणं माझ्या लक्षात होतं. पण घरात रोज थोडी थोडी विझत जाणारी मुलगी पाहायची ताकद माझ्यात उरली नव्हती.

गायत्रीने दाराची चौकट धरली. आम्ही दोघांनी तिची बोटं एकेक करून सोडवली. मोटरसायकलवर ती आमच्या मध्ये बसली होती. शहाद्यापर्यंत माझा शर्ट तिने मुठीत धरला होता. ती रडत नव्हती. पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होती, "बाबा, माले घर लई चाल."

वर्गात पोहोचलो तेव्हा तो बाक रिकामा होता.

रंजना मॅडम फळ्याकडून वळल्या. "गायत्री, बाहेर गेली होतीस का? बस."

माझ्या शर्टावरची मूठ सुटली. ती सरळ चालत गेली आणि बसली. मागे वळून पाहिलं नाही. सुनिताने माझा हात घट्ट दाबला. आम्हाला वाटलं, जिंकलो.

संध्याकाळी व्हॅनमधून ती उड्या मारत उतरली.

"बाबा, मला खूप भूक लागली आहे," ती म्हणाली.

ती जेवली, अभ्यास केला, वेळेवर झोपली. पोट दुखलं नाही. सकाळी स्वतः गणवेश घालून तयार झाली. कारखान्याच्या वसाहतीतले लोक विचारायचे, काय औषध केलं. आम्ही हसायचो. परीक्षेत ती पहिली आली. तिच्या तोंडून 'माले' किंवा 'शे' पुन्हा आलं नाही. माझ्या आईशी फोनवर बोलतानासुद्धा नाही. आईने विचारलं, "हाई कोन बोली ऱ्हायनं?"

एका रविवारी सुनिता तिची वेणी घालत होती. मध्येच फणी खाली ठेवून ती आत आली.

"हाई आपली पोर नही," ती म्हणाली. "माले शाळामा लई चाल."

मी वाद घातला नाही.

शाळेच्या पहारेकऱ्याला वही राहिली असं सांगितलं. त्याने फाटक उघडलं. मैदान रिकामं होतं. वर्गाला कुलूप होतं. आम्ही मागच्या बाजूने खिडकीशी गेलो. आत बाक, फळा, उन्हाचे पट्टे. कोणीच नव्हतं.

मग आतून, अगदी गजांजवळून, आवाज आला.

"माय, माले पानी दे."

सुनिताने गजांतून हात आत घातला. खांद्यापर्यंत. तिच्या हाताला काही लागलं नाही. पण हात बाहेर काढला तेव्हा तळवा ओला होता.

पहारेकऱ्याकडून किल्ली घेऊन मी वर्ग उघडला. प्रत्येक बाकाखाली पाहिलं. दार उघडं असेपर्यंत आवाज नव्हता. कुलूप लावलं की पुन्हा सुरू झाला.

तेव्हापासून आम्ही दर रविवारी जातो. घरी ती नीट बसून अभ्यास करत असते, कुठे चाललात असं कधी विचारत नाही. सुनिता खिडकीशी बसते, अहिराणीत गोष्टी सांगते, आजीचं नाव घेते. आतला आवाज ऐकतो. कधी हसतो. निघायची वेळ झाली की रडतो, आणि सुनिताला मीच ओढून नेतो.

गेल्या रविवारी आम्ही पोहोचलो तेव्हा खिडकीशी आधीच दोघं उभे होते. धडगावकडचा वाहरू पावरा आणि त्याची बायको. त्यांचा मुलगा वसतिगृहात राहतो, गायत्रीच्याच वर्गात आहे. हल्ली प्रार्थनेला तोच पुढे उभा असतो, असं घरातली गायत्री सांगत होती. वाहरूच्या बायकोने गजांना कपाळ टेकलं होतं आणि ती त्यांच्या पावरी बोलीत हळू आवाजात काहीतरी समजावत होती.

वाहरूने आम्हाला पाहिलं. बायकोच्या खांद्याला हात लावून तो थोडा बाजूला सरकला, आणि त्याने आम्हाला जागा करून दिली.