आयेची सवत

"श्राद्धाक धाकटो बसतलो," सुंदराबाई भटजींना म्हणाली आणि पाटाकडे निघालेला दत्ताराम आईकडे बघत थांबला... थोरला मुलगा ओलेत्यानं समोर उभा असताना बापाच्या वर्षश्राद्धाचा पाट धाकट्या जगदीशकडे सरकवला गेला! लालबागच्या चाळीतली ती एवढीशी खोली शेजाऱ्यापाजाऱ्यांनी भरली होती. कुणी माना खाली घातल्या, कुणी दत्तारामच्या पाठीवर रुळणाऱ्या लांबसडक केसांकडे बघून एकमेकांना कोपरानं ढोसलं. त्याची बायको कांता चुलीपाशी डोळ्यांना पदर लावून बसली होती.

त्या केसांनीच तर सगळा घात केला होता. आठवडाभर गिरणीत विणकामाचे साचे चालवणारा दत्ताराम शनिवारी सातेरी थेटरात नायिका व्हायचा आणि त्याचा बाप कोंडीराम तिथे पडदा ओढायचा. थेटर कसलं, दोरखंडाच्या जुन्या वखारीवर पत्रे ठोकून उभारलेला मांडवच तो! गिरणीचा भोंगा झाला की बोलणारं पात्र वाक्य अर्धवट टाकून जागच्या जागी थिजायचं आणि भोंगा थांबला की तोच शब्द पुन्हा उचलायचं. प्रेक्षकही तेवढ्यात विडी पेटवून घ्यायचे. पण त्या पत्र्यांखाली गिरणगावची घामेजलेली माणसं पोट धरून हसली होती, पदर भिजेस्तोवर रडली होती. कोंडीरामचा अर्धा जीव तिथेच असे. सुंदराबाई मात्र थेटराला 'माझी सवत' म्हणे, आणि त्या पायरीला ती कधी शिवली नाही.

गेल्या वर्षी कोंडीराम गेला. फाउंटनच्या गोळीबारात संयुक्त महाराष्ट्रासाठी पडलेल्यांच्या घरच्यांकरता त्याच पंधरवड्यात सातेरीत खेळ लागला होता, आणि दत्तारामच्या नावावर सगळी तिकिटं गेली होती. बापाच्या दहाव्याला भावकीनं केस उतरवले. ज्यानं अग्नी दिला त्या थोरल्या मुलानं मात्र न्हाव्यापुढे बसायला नकार दिला! त्या खेळात खलनायक नायिकेला केसांनी धरून फरफटत नेतो. टोप घातला असता तर त्याच्या हातात टोप आणि मागे टकली नायिका... पण हे कुणाला सांगणार? बाप जिवंत असताना मिशी काढली आणि बाप मेल्यावर केस राखले, असं चाळ म्हणू लागली. आई तर त्या दिवसापासून त्याच्याशी अवाक्षर बोलली नाही. एकाच खोलीत राहून "सांग तुझ्या घोवाक, पेज वाढलेली आसा," असं सारं कांतामार्फत चालायचं.

दत्तारामनं ते मुकाट्यानं सोसलं, कारण शेवटच्या दुपारी बापानंच त्याचा हात धरून विनवलं होतं, "केस काढू नको, झिला. खेळ बंद पडाक नको. आणि तुझ्या आवशीक सांगू नको. मरताना मी तिचा नाय, नाटकाचा नाव घेतलंय, ह्या कळला तर तिका वायट वाटतला." केवढी ही माया, आणि केवढं ते ओझं! आईच्या मनाला तडा जाऊ नये म्हणून तो वर्षभर कुपुत्र म्हणवून घेत राहिला.

आताही तो मागे सरून भिंतीशी उभा राहिला. जगदीशनं तेवढ्यावर भागवलं असतं तर बरं होतं. पण तो मॅट्रिक झालेला, कचेरीत चिकटलेला, चारचौघांत भावाच्या केसांची लाज वाटणारा. पाटावर बसता बसता तो म्हणाला, "ते थेटर पाडतायत ते बरंच झालं. कालपासून पत्रे काढायला लागलेत. दादाला आता तरी बाबा आठवतील."

सुंदराबाईनं हातातलं तांदळाचं ताट खाली ठेवलं.

"थेटर पाडतत?" तिनं विचारलं, आणि वर्षभरात पहिल्यांदा सरळ दत्तारामकडे बघून विचारलं.

"होय गे, आये."

ती पाटाशेजारी बसली. सवत गेली तर बाईला हायसं वाटावं. पण सुंदराबाईच्या डोळ्यांना धार लागली...

"माका सगळा म्हायत होता, दत्ता," ती म्हणाली. "तेनी तुका केस काढू नको म्हणान सांगल्यानी, तेव्हा मी दाराभायरच उभी होतंय. राग तुझो नाय रे इलो, तेंचो इलो. पण मेलेल्या माणसाशी भांडाक येता काय? म्हणान तुझ्यार काढलंय. आणि तू माझ्यासाठी गप रवलंस..."

वर्षभर एकाच खोलीत दोघं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत बसली होती! जगदीश पाटावरून उठला. त्यानं दादाच्या पायांना हात लावला. दत्तारामनं त्याला वर ओढून पोटाशी धरलं.

सुंदराबाईनं डोळे पुसले, पण ती उठली नाही. तिनं हलकेच विचारलं, "थय थेटरात बायकांक बसाक जागा होती?"

"होती, आये. पुढेच, बाबांच्या दोरीच्या बाजूक."

"तेनी माका कधी विचारूक नाय."

तेव्हा दत्तारामनं तिला सांगितलं की बाबा दर शनिवारी तिथली एक जागा आपला पंचा टाकून धरून ठेवायचे आणि पडदा ओढायची वेळ झाली की गुपचूप तो पंचा उचलून खांद्यावर टाकायचे. घरी येऊन तिला विचारायचा धीर मात्र त्यांना कधी झाला नाही.

"भित्रो खंयचो," सुंदराबाई म्हणाली, आणि तिनं आपल्या हातानं पाट थोरल्याकडे सरकवला.