मदत निघाली आहे

ही गोष्ट खरी आहे.

पटली तर पटली, नाही तर सोडून द्या. आमच्या वहिनीच्या बाबतीत घडली आहे आणि वहिनीला खोटं बोलता येत नाही. काही लपवायला गेली की तिचे कान लाल होतात.

आणि भुतं फक्त रात्री येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी इथूनच परत फिरावं. हे सुरू झालं भर दुपारी, लख्ख उजेडात, तिसऱ्या मजल्यावरच्या एका चकचकीत ऑफिसात. मंगळवार होता. एसी चालू होता. शेजारच्या खोलीत कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक कापत होते.

आधी वहिनीचं काम सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल.

मोबाइलवरचं अ‍ॅप तयार होण्याआधी ते कसं दिसेल, बटण कुठे असेल, दाबल्यावर पुढे काय येईल, हे वहिनी ठरवते. त्यासाठी तिच्याकडे एक सॉफ्टवेअर आहे. सकाळी त्यात एकेक पान काढायचं, एकाला एक जोडायचं, की दुपारपर्यंत फोनवर अ‍ॅप हजर. म्हणजे, हजर असल्यासारखं दिसणारं. बटण दाबलं की पुढचं पान सरकत येतं, पण मागे काहीही नसतं. सिनेमाच्या सेटवर घर असतं ना, पुढून दार आणि मागून बांबू, तसंच. ते लोक याला प्रोटोटाइप म्हणतात. तो माणसांना वापरायला देतात, चुका शोधतात आणि मग खरं अ‍ॅप बांधतात.

दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. वहिनी, तुला याचाच पगार मिळतो, असं मी तिला चिडवायचो. आता चिडवत नाही.

वहिनीची दुसरी ओळख म्हणजे तिची किळस. फोनच्या काचेवर बोटाचा डाग दिसला तरी तिला शिसारी येते. पर्समध्ये मऊ फडकं कायम असतं. दादा म्हणतो, हिने मला पसंत केलं ते केवळ माझा चष्मा स्वच्छ होता म्हणून.

तर तेव्हा काम आलं होतं एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठीच्या अ‍ॅपचं. एक मोठं लाल बटण, त्यावर लिहिलेलं 'मदत'. दाबलं की पुढचं पान यायचं. 'मदत निघाली आहे. जागेवरून हलू नका.'

हे वाक्य वहिनीचं. साहेबांना 'विनंती नोंदवली आहे' असं हवं होतं. वहिनी त्यांच्याशी भांडली. घाबरलेल्या माणसाला नोंद नको असते, धीर हवा असतो, असं तिचं म्हणणं होतं. साहेबांनी मान्य केलं.

त्या मंगळवारी चाचणीला एक गृहस्थ आले. जन्मभर पुस्तकबांधणी केलेले, म्हणून ऑफिसात सगळे त्यांना बाइंडरकाका म्हणू लागले. बायको गेलेली, मुलगा दूरदेशी, घरात एकटेच. धंदा कधीच बंद केला होता, तरी फाटकी पुस्तकं घरी बसून बांधायचे. अंगाला आंबलेल्या खळीचा वास येत होता.

आणि त्यांना एक सवय होती...

काही दाबायचं म्हटलं की ते आधी अंगठा जिभेवर फिरवायचे.

पानं उलटून उलटून लागलेली सवय. तोच ओला अंगठा मग काचेवर. पान बदललं की पुन्हा जीभ, पुन्हा काच. आधी ऑफिसच्या फोनवर झालं, मग लिंक पाठवून त्यांच्या स्वतःच्या. काचेवर थुंकीचा चट्टा, त्यावर दुसरा चट्टा. वहिनीचा हात पर्समधल्या फडक्याकडे गेला. तरी ती तोंडावर हसू ठेवून बसून राहिली.

चाचणीचा एक नियम असतो. समोरच्याला उत्तर द्यायचं नाही. त्याने काही विचारलं की उलट त्यालाच विचारायचं, म्हणजे त्याच्या मनातलं बाहेर येतं.

काकांनी विचारलं, "हे दाबलं की खरंच कोणी येतं का हो?"

वहिनी म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं?"

काकांनी ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं. सावकाश, ओठ हलवत.

"येईल की. लिहिलंय ना इथे."

वहिनी मनातून खूश झाली. आपलं वाक्य लागू पडलं.

चाचणी संपली की माणसाला सांगायचं असतं, बाबा रे, हे सगळं खोटं होतं. आणि त्याच्या फोनमधून प्रोटोटाइपची लिंक स्वतःच्या हाताने काढून टाकायची असते. पण शेजारून केकसाठी हाका येत होत्या. आणि खरं कारण तेही नाही. काकांनी फोन पुढे केला होता. काच ओली होती...

वहिनीला तो फोन हातात घ्यायचाच नव्हता.

"राहू दे काका, नंतर काढू," ती म्हणाली. काका म्हणाले, असू दे की, तेवढीच सवय होईल. आणि गेले.

वहिनी दुसऱ्या कामात अडकली. पुढच्या सोमवारी दुपारी ती त्या चाचणीच्या खोलीत गेली. ऑफिसचा फोन टेबलावर पडला होता. बंद.

काचेवर चट्टा होता.

अंगठ्याएवढा. ओला. आत्ताच उमटल्यासारखा...

तिने नाक मुरडत फडकं काढलं, काच पुसली आणि पाठ वळवली.

टक.

बटण दाबलं की प्रोटोटाइपमध्ये होतो, तो आवाज.

तिने वळून पाहिलं. फोन पेटला होता. लाल बटण समोर होतं. आणि त्या बटणावर बरोब्बर मधोमध... तसाच चट्टा.

दार बंद होतं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

मग वास आला. आंबलेल्या खळीचा. पण आता त्यात आणखी काहीतरी मिसळलं होतं. गोडसर... झाकण लावून विसरलेल्या डब्यासारखं.

तिने पुन्हा पुसायला घेतलं. काचेवरून फडकं उचललं तर दोघांमध्ये तार आली. लांब, पिवळट. वहिनीने फडकं कचऱ्यात टाकलं आणि बेसिनवर जाऊन हात लाल होईपर्यंत धुतले.

जागेवर येऊन तिने ते सॉफ्टवेअर उघडलं. कोणी प्रोटोटाइप वापरला, कुठे बोट लावलं, हे त्यात लाल ठिपक्यांनी दिसतं. काकांच्या लिंकवरून ठिपके येत होते. तिच्या डोळ्यांदेखत. एक... मग आणखी एक... सगळे 'मदत' वर.

तिला हायसं वाटलं. काका घरी बसून सराव करताहेत. आणि तो चट्टा? कोणीतरी खरकट्या हाताने फोन घेतला असेल. घाबरलेलं मन काय, मिळेल ती काडी धरतं.

एवढ्यात मागे साहेब येऊन उभे राहिले. ठिपके बघून त्यांची कळी खुलली. म्हाताऱ्याला बटण सोडवत नाहीये, म्हणाले. संध्याकाळच्या मीटिंगमध्ये त्यांनी तो लालभडक डाग भिंतीवर मोठा करून दाखवला. लोकांना आपलं बटण किती आवडतं बघा, असं सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वहिनीनेही वाजवल्या.

मंगळवारीही ठिपके येतच होते.

पण ते आता बटणावर नव्हते. थोडे खाली पडत होते, थोडे बाजूला. नेम चुकत असल्यासारखे. मग बटणाचं पान संपलं आणि सगळे ठिपके पुढच्या पानावर येऊ लागले. तिथे तर दाबायला काहीच नव्हतं. नुसतं वाक्य होतं.

ठिपके त्या वाक्यावर पडत होते. 'निघाली' या शब्दावर. पुन्हा... पुन्हा... पुन्हा...

तिने काकांना फोन लावला.

फोन बंद होता.

ती बाई यंत्रातून सांगत होती की हा फोन बंद आहे. वहिनी ते कानाने ऐकत होती. आणि डोळ्यांसमोर...

टक.

नवा ठिपका.

दादाला फोन करून ती तशीच काकांच्या घरी पळाली. जिन्यातच वास आला. शेजारची बाई नाकाला पदर लावून म्हणाली, आम्हाला वाटलं कुठेतरी उंदीर मेलाय. दादाने पोलिसांना बोलावलं. दार तोडलं.

काका बाथरूममध्ये पडले होते. पुढचं वहिनीने मला सांगितलं आहे, पण सगळं मी लिहिणार नाही. एवढंच सांगतो, फोन त्यांच्या हातात होता आणि अंगठा काचेला चिकटला होता. पोलिसाला तो दोन्ही हातांनी सोडवावा लागला. सुटताना आवाज आला. तो आवाज वहिनीला अजून ऐकू येतो.

डॉक्टर म्हणाले, चाचणीच्या दुसऱ्याच दिवशी पडले असणार. कंबर मोडली होती. त्यानंतर दोन-तीन दिवस तरी जिवंत होते.

शेजार भिंतीपलीकडे होता. एक हाक मारली असती तर कोणीही आलं असतं. त्यांनी मारली नाही. मुलाला फोन केला नाही. जागेवरून हलू नका, असं लिहिलं होतं. मदत निघालेली होती.

त्या बुधवारचे ठिपकेही सॉफ्टवेअरमध्ये होते. कोणी पाहिलेच नव्हते. गुरुवारचे होते. शुक्रवारी थांबले होते, कारण फोनचं चार्जिंग संपलं होतं.

मग सोमवारचे? मंगळवारचे?

वहिनीने पोलिसांना सगळं सांगितलं. कोणाचा गुन्हा धरायचा, तेच त्यांना ठरवता येईना. दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला बोलावून घेतलं. फार वाईट झालं, म्हणाले. दोन क्षण मान खाली घातली.

मग म्हणाले, "ती ठिपक्यांची स्लाइड मात्र राहू दे. फक्त नाव काढा त्यांचं."

वहिनी सांगते, काकांच्या घरात जेवढी घाण वाटली नाही, तेवढी त्या एसीच्या खोलीत वाटली. आणि आरशात बघताना त्याहून जास्त. एक ओली काच हातात घ्यायची नव्हती म्हणून माणूस गेला. जागेवर परत येऊन तिने तो प्रोटोटाइप पुसून टाकला. पुसलेल्या फाइली जिथे जमतात तिथूनही काढला. आता ती लिंक जगात कुठेही उघडणार नव्हती. मग नोकरीचा राजीनामा दिला आणि घरी येऊन ओकली.

इथे गोष्ट संपायला हवी होती.

रविवारी सकाळी वहिनी कपडे वाळत घालत होती. मध्येच थांबली आणि पांढरीफटक पडली. अगदी सुरुवातीला, गंमत म्हणून, तिने तीच लिंक आणखी एका फोनमध्ये टाकली होती.

स्वतःच्या आईच्या.

वहिनीची आई शहराच्या दुसऱ्या टोकाला एकट्याच राहतात. मी आणि वहिनी गाडी काढून निघालो. वाटेत तिने फोन लावला, उचलला नाही. मी एकही सिग्नल पाळला नाही.

आईंनी दार उघडलं. लंगडत होत्या, पण ठीक होत्या. वहिनी त्यांच्या गळ्यात पडून रडली.

"अगं रडतेस काय? शुक्रवारी बाथरूममध्ये घसरले, एवढंच. आता बरी आहे मी."

"मला फोन का नाही केलास?"

"तू कामात असतेस. ते तुझं लाल बटण दाबलं की. लगेच आले तुमचे गृहस्थ."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. लिंक बुधवारीच पुसलेली होती.

आई सांगत होत्या. आतून कडी होती, ते आत कसे आले कोण जाणे. म्हातारेच होते बिचारे, पण त्यांना अलगद उचलून पलंगावर बसवलं. फारसं बोलले नाहीत.

"मी विचारलं, तुम्हाला पाठवलं कोणी? तर मलाच म्हणतात कसे, तुम्हाला काय वाटतं?"

वहिनीने भिंतीला हात टेकला.

"माणूस चांगला हो," आई म्हणाल्या, "पण वास फार घाण येत होता. आणि हात चिकट. हे बघ, साबणानेही जात नाही."

त्यांनी बाही वर केली. दंडावर अंगठ्याएवढा चट्टा होता. रविवार होता... आणि तो अजून ओला होता. वहिनीने पदराने पुसला. पदर उचलला तशी तार आली. मी तोंड फिरवलं.

मग वहिनीने आईंचा फोन मागितला आणि ती लिंक उघडली. कोरं पांढरं पान. ही फाइल उपलब्ध नाही, एवढी एकच ओळ. बटण नाही, वाक्य नाही. आईंनी शुक्रवारी नेमकं काय दाबलं, ते मला आजही कळलेलं नाही.

वहिनी लिंक काढून टाकणार, तेवढ्यात आईंनी तिच्या हातातून फोन घेतला.

"राहू दे. निदान कोणीतरी येतं."



आता ती रोज आईकडे जाते. लिंक अजून त्या फोनमध्येच आहे. काढली आणि आई पुन्हा पडल्या तर? नाही काढली आणि त्यांनी पुन्हा बटण दाबलं तर? तिला ठरवता येत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही येत नाही.

मी अधूनमधून विचारतो, वहिनी, तिकडे सगळं ठीक ना? परत कोणी आलं नाही ना? वास वगैरे?

नाही हो भाऊजी, ती म्हणते. तेव्हापासून काहीच नाही.

म्हणताना तिचे कान लाल झालेले असतात.